काळ ओलांडणारी मुलं : प्रस्तावना

कुशस्थळीच्या ककुद्मी राजाला रेवती नावाची लेक होती. तिच्यासाठी स्थळं बरीच होती, पण कुठलं पत्करावं हे राजाला ठरवता येईना. शेवटी तो लेकीला बरोबर घेऊन थेट ब्रह्मदेवाकडे गेला. तिथे गंधर्वांचं गाणं चाललं होतं. मध्येच बोलणं बरं दिसणार नाही म्हणून बापलेक बाजूला थांबली आणि गाणं ऐकत राहिली. गाणं संपल्यावर राजाने मनातल्या राजपुत्रांची नावं सांगून विचारलं, यांतला कोण योग्य? ब्रह्मदेव हसले. तुम्ही इथे थांबलात तेवढ्या वेळात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली, असं त्यांनी सांगितलं. ते राजपुत्र गेले, त्यांची मुलं-नातवंडं गेली, त्यांची नावं सांगणारंही कुणी उरलं नाही. एका चतुर्युगाची ४३ लाख २० हजार वर्षं धरली तर हा हिशेब ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षांवर जातो.

विष्णुपुराणात आणि भागवताच्या नवव्या स्कंधात ही कथा आहे. पुढे रेवतीचं लग्न बलरामाशी होतं. ती जुन्या युगातली, म्हणून त्या काळच्या माणसांपेक्षा फारच उंच. तेव्हा बलराम नांगराच्या टोकाने तिला आपल्याएवढी करतो. मुलांना हा भाग फार आवडतो. मी मात्र नेहमी त्याच्या आधीच्या क्षणापाशी थांबते. ब्रह्मदेवाचं बोलणं ऐकल्यानंतर त्या दोघांना अख्ख्या विश्वात ओळखीचं माणूस एकेकच उरलं होतं. बापाला लेक आणि लेकीला बाप. परतीच्या वाटेवर ती एकमेकांशी काय बोलली असतील? रेवतीला आईची आठवण आली असेल, मैत्रिणींची आली असेल. गाणं ऐकत थांबल्याबद्दल ती बापावर चिडलीही असेल. पुराणाला पुढची वंशावळ सांगायची घाई आहे, ते या वाटेवर रेंगाळत नाही. मुलांसाठी लिहिणाऱ्याने नेमकं तिथेच रेंगाळायला हवं.

या छोट्या पुस्तकात अशाच गोष्टींची ओळख करून दिली आहे. त्यांतली मुलं काळ ओलांडून मागे किंवा पुढे जातात, आणि जातात ती घरातल्या कुणासाठी तरी. पुस्तक लिहिताना डोळ्यांसमोर दहा ते चौदा वर्षांची मुलं होती, त्यांना वाचून दाखवणारे आईबाप आणि शिक्षक होते, आणि अशी कादंबरी मराठीत लिहू पाहणारे तरुण लेखकही होते. माझं म्हणणं एकच आहे आणि ते इथेच सांगून टाकते. मुलांच्या कादंबरीत काळाचा प्रवास नात्यावाचून उभा राहत नाही. गमावण्यासारखं किंवा शोधण्यासारखं आपलं माणूस पलीकडे नसेल, तर तो प्रवास सहल होऊन बसतो.

लहान मुलाला काळ म्हणजे काय हे पहिल्यांदा जाणवतं ते घरातच. आजी एकदा लहान होती, तिलाही कुणी ओरडत होतं, तीही शाळा बुडवून आमराईत गेली होती, हे ऐकलं की मूल थबकतं. आधी त्याला ते खोटं वाटतं. मग ते आजीच्या तोंडाकडे निरखून पाहतं. सुरकुत्यांमागे ती दुसरी मुलगी दिसते का, हे शोधत असतं. त्या वेळी त्याच्या मनात जे उघडतं, त्याच्यावरच या सगळ्या कादंबऱ्या उभ्या आहेत.

फिलिपा पिअर्स या इंग्रज लेखिकेची 'टॉम्स मिडनाइट गार्डन' ही कादंबरी १९५८ साली आली. भावाला गोवर आलेला असतो म्हणून टॉमला मावशीच्या घरी ठेवलेलं असतं. मोठ्या जुन्या वाड्याचे तुकडे करून केलेल्या बिऱ्हाडांपैकी ते एक. खेळायला जागा नाही, सोबती नाही. प्रवेशदालनातलं उभं घड्याळ एका रात्री तेरा ठोके देतं. टॉम मागचं दार उघडतो तर दिवसा जिथे कचऱ्याचे डबे असतात तिथे मोठी बाग! बागेत हॅटी नावाची पोरकी मुलगी भेटते. टॉम रोज रात्री जातो, पण तिचा काळ त्याच्या काळाच्या चालीने चालत नाही. ती भराभर मोठी होते आणि हळूहळू तिला तो दिसेनासा होतो. शेवटी टॉमला कळतं की वरच्या मजल्यावर एकटी राहणारी, सगळ्यांना कडक वाटणारी म्हातारी घरमालकीणच हॅटी आहे. निरोप घेताना तो जिना धावत चढून परत येतो आणि त्या म्हातारीला मिठी मारतो. लहान मुलगी असल्यासारखी. मुलांच्या पुस्तकांत याच्या तोडीचा शेवट मला दुसरा माहीत नाही. बागेचं गूढ उलगडतं त्याहून मोठी गोष्ट इथे घडते. एका मुलाला म्हातारपणाच्या आतलं बालपण दिसतं.

त्याच्या कितीतरी आधी, १९०६ साली, ई. नेस्बिट यांनी 'द स्टोरी ऑफ दि ॲम्युलेट' लिहिलं. त्यातल्या चार भावंडांचे वडील युद्धाच्या बातम्या पाठवायला मांचुरियात गेलेले, आई आजारपणामुळे तान्ह्या बाळाला घेऊन दूर बेटावर. मुलांना अर्धा ताईत सापडतो. दुसरा अर्धा मिळाला तर मनातली सगळ्यांत मोठी इच्छा पुरी होणार. मग प्राचीन इजिप्त, बाबिलोन, बुडालेलं अटलांटिस. राजे, मंदिरं, संकटं सगळं काही आहे, पण मुलांची इच्छा एवढीच की आईबाबा घरी यावेत. मॅडलिन लेंगल यांच्या १९६२च्या 'अ रिंकल इन टाइम'मध्येही मेग नावाची मुलगी हरवलेल्या वडिलांना शोधायला अवकाश-काळाच्या पलीकडे जाते. धाकट्या भावाला परत आणायची वेळ येते तेव्हा तिच्यापाशी कुठलं हत्यार नसतं. भावावरची माया तेवढी असते आणि ती पुरते.

आता मराठीकडे वळू. जयंत नारळीकर मूळचे कोल्हापूरचे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली, आणि तिथून मराठी विज्ञानकथेचं नवं पर्व सुरू झालं. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा मोठ्यांसाठी असली, तरी चौदा वर्षांच्या मुलामुलींनी ती जरूर वाचावी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पानिपतचा विचार करता करता अशा जगात जाऊन पोचतात, जिथे विश्वासरावांना गोळी चाटून गेली आणि मराठे लढाई जिंकले. या कथेबद्दल बोलणारे सगळे त्या गोळीबद्दल बोलतात, पुंज भौतिकीबद्दल बोलतात. मला दोन लहान जागा अधिक मोलाच्या वाटतात. एक, मुंबईकडे निघालेली गाडी वाटेत सरहद्दीवर थांबते आणि परवाने तपासले जातात, कारण पुढे ब्रिटिशांचा मुलूख सुरू होतो. ओळखीच्या रुळांवर, ओळखीच्या घाटाखाली, अनोळखी सीमा! दुसरी जागा त्याहून बोचरी आहे. मुंबईत उतरल्यावर गंगाधरपंत मुलाच्या कचेरीत जाऊन त्याची चौकशी करतात. त्या नावाचा कुणी माणूस तिथे नाही. बदललेलं साम्राज्य, बदललेली दुकानं, बदललेले झेंडे हे सगळं ते कुतूहलाने पाहत आले होते. मुलाचं नाव यादीत सापडत नाही तेव्हा इतिहासातला बदल घरात शिरतो. मुलांची कादंबरी याच बिंदूपासून पुढे जाऊ शकते.

मी बेळगावच्या कॅम्पात राहते, म्हणून या गाडीची, या सरहद्दीची गोष्ट मला इतकी जवळची वाटते. अशी कादंबरी घडायला आमच्या या भागाहून योग्य जागा शोधून मिळणार नाही, असं मी मनापासून म्हणते.

१८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे किल्ल्याजवळ छावणी वसली. तोच आजचा कॅम्प. कौलारू बंगले, मोठाले वृक्ष, हाय स्ट्रीट, ग्लोब टॉकीज, १८५६ पासून चालत आलेलं सेंट पॉल्स हायस्कूल, आणि १९२२ पासून इथे असलेलं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. किल्ल्यात शिरलं की १२०४ सालची कमल बस्ती लागते, छतातून दगडी कमळ खाली उमललेलं. जवळच साफा मशीद, आणि स्वामी विवेकानंदांच्या १८९२च्या मुक्कामाची आठवण जपणारा आश्रम. दप्तर पाठीला लावून निघालेलं मूल अर्ध्या तासात आठशे वर्षांतून चालत जातं. जादूचं दार इथे वेगळं बांधावं लागत नाही.

पण वास्तूंपेक्षा एक साधा कागद मला जास्त बोलका वाटतो. कॅम्पातल्या एखाद्या जुन्या घरातल्या चार पिढ्यांचे जन्माचे दाखले शेजारी शेजारी ठेवून पाहा. पणजी १९३५ची असेल तर तिचा जन्म मुंबई इलाख्यातला. आजी १९५८ची, तर राज्य म्हैसूर, कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, म्हणून १९८५ साली जन्मलेली आई कर्नाटकातली. आणि २०१५चं मूल, त्याच्या दाखल्यावर गावाचं नावही 'बेळगावी', कारण आदल्याच वर्षी १ नोव्हेंबरला ते बदललं. त्या काळी बाळंतपणं घरी व्हायची, तेव्हा पणजी आणि आजी कदाचित एकाच खोलीत जन्मल्या असतील. खोली तीच, खिडकीबाहेरचं झाडही तेच. या चौघींपैकी कुणीही घर सोडलं नाही, तरी 'जन्म कुठला?' या प्रश्नाला चौघींची उत्तरं वेगळी.

बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं, या सीमाप्रश्नापायी या भागातल्या मराठी माणसाने फार सोसलं आहे. मोर्चे, लाठ्या, तुरुंग, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातली वाट पाहणं. माझी मतं ठाम आहेत आणि ती मी इतरत्र मांडते. मुलांच्या कादंबरीत मात्र मला त्याची भाषणं नकोत. घरी मराठी, शाळेत कन्नड आणि इंग्रजी, फिश मार्केटात कोंकणी आणि दख्खनी असं बोलत वाढलेल्या मुलाला हा प्रश्न आजीच्या दाखल्यातून कळू दे. "आज्जी, तू दुसऱ्या राज्यात जन्मलीस की काय?" या त्याच्या प्रश्नात सगळा इतिहास आहे, आणि उत्तर देताना आजीचा आवाज कसा होतो त्यात उरलेला.

कॅम्पाला काळाची आणखी एक ओळख आहे, ती फौजी घरांमुळे. सकाळी केंद्रातला बिगुल ऐकू येतो. जवानाच्या घरात कॅलेंडर पाहतात ते रजेच्या हिशेबाने. पूर्वी पत्रं यायची निळ्या अंतर्देशीयावर. तीन घड्या, कडेला डिंकाची जीभ, आत बारीक अक्षर, आणि जागा संपली म्हणून शेवटच्या चार ओळी समासात आडव्या लिहिलेल्या. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात गाव नसायचं. नंबर, पलटण आणि 'मार्फत ५६ एपीओ'. हा ५६ एपीओ नकाशात सापडत नाही. वडील कुठे आहेत हे घरातल्या कुणालाच माहीत नसतं आणि तरी पत्रं नेमकी पोचतात. मुलाला याहून अद्भुत देश कुठला दाखवणार? शिवाय पत्रातला काळ आणि घरातला काळ कधी जुळत नाही. वडील विचारतात, बाळाला दात आले का. पत्र वाचलं जातं तोवर बाळ भिंतीला धरून चालू लागलेलं असतं. उत्तर जाईल, पोचेल, तोवर ते पळत असेल. नेस्बिटच्या मुलांचे वडील मांचुरियात होते. कॅम्पातल्या मुलांचे वडील, आजोबा, पणजोबा मेसोपोटेमियात होते, इटलीत होते, काश्मीरमध्ये आणि लडाखमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे लढता लढता पडले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच डोंगरांत त्यांच्यासारखे कितीतरी पडले, त्यांच्या घरांत आज एक फोटो तेवढा असतो. फोटोतला आजोबा बावीस वर्षांचा आणि त्याच्याकडे पाहणारा नातू साठीचा. वय आणि नातं यांचा मेळ असा तुटलेला घराघरांतल्या भिंतींवर आहे. कादंबरीकाराने तो फोटो फक्त हलता करायचा आहे.

समजा अशा घरातला एखादा मुलगा काळाच्या पलीकडे गेला आणि बेळगाव स्टेशनवर त्याला फोटोतला तोच बावीस वर्षांचा माणूस, त्याचा पणजोबा, भेटला. पांढऱ्या रंगात नाव-नंबर लिहिलेल्या लोखंडी ट्रंकेवर गाडीची वाट पाहत बसलेला. मुलाला माहीत आहे की हा माणूस परत येणार नाही. त्याने सांगावं का? इंग्रजी पुस्तकांत याची चर्चा तर्काच्या अंगाने होते: भूतकाळ बदलला तर बदलणाराच जन्माला येणार नाही, मग बदललं कुणी? आपल्या घरात हाच पेच माणसांच्या रूपात येतो. मुलगा मनाशी मोजू लागतो: पणजोबा परत आले असते तर पणजी तान्ही पोर घेऊन निपाणीला भावाकडे गेली नसती. ती पोर, म्हणजे आजी, निपाणीत वाढली नसती. तिथल्या तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिणाऱ्या तरुणाशी तिचं लग्न झालं नसतं. आई नसती, मामा नसता, मी नसतो. पणजीचं दुःख पुसायचं तर मला पुसावं लागेल, आणि मी राहायचं तर पणजीचं दुःख राहू द्यावं लागेल. दहा वर्षांच्या मुलाला हा हिशेब समजतो. मोठ्यांना वाटतं त्याहून लवकर समजतो. लेखकाने त्यातून पळवाट काढू नये. शेवटी स्वप्न होतं म्हणून सगळं पुसून टाकणं हा तर मुलांचा सरळ विश्वासघात आहे. मुलाने पणजोबाला वाचवू नये, असंही माझं म्हणणं नाही. जे करेल त्याची किंमत गोष्टीत दिसली पाहिजे, एवढंच.

प्रकाश नारायण संत यांनी काळाचं यंत्र कधी वापरलं नाही. तरी त्यांच्या कथांतल्या लंपन या मुलाला या पुस्तकात एक अख्खं प्रकरण दिलं आहे, आणि ते कुणाला अस्थानी वाटलं तर खुलासा इथेच करते. संत इंदिरा संतांचे चिरंजीव, जन्म १९३७चा, वाढले बेळगावात आजी-आजोबांकडे. वडील ना. मा. संत १९४६ साली गेले, तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते. १९६०च्या दशकात त्यांनी लंपनच्या काही कथा लिहिल्या, मग मोठा खंड पडला. कराडला भूविज्ञान शिकवत असताना, पन्नाशी ओलांडल्यावर, ते पुन्हा त्या मुलाकडे वळले. 'वनवास' १९९४ साली आलं, मागोमाग 'शारदा संगीत', 'पंखा' आणि शेवटी 'झुंबर'. आईवडील दुसऱ्या गावी, आपण आजी-आजोबांच्या घरी, आणि दोन्ही घरं सारखीच आपली, अशा मुलाचं जग त्यात आहे. खडकांच्या थरांत कोट्यवधी वर्षं वाचणाऱ्या माणसाने चाळीस-पन्नास वर्षांचा थर अलगद बाजूला करून दहा वर्षांच्या मुलाचे कान, डोळे आणि बेळगावकडची बोली जशीच्या तशी वर काढली. आठवण हीच इथे प्रवासाची वाट आहे. २०२४ साली त्यावर मालिका आली आणि कित्येक मुलांनी लंपनला पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं. त्यांनी आता पुस्तकं उघडावीत. कालप्रवासाची कादंबरी लिहू पाहणाऱ्याने तर लंपन आधी वाचावा. जुन्या काळात मुलाला नेऊन सोडायचं तर त्या काळाचा वास, आवाज, अंगणातली ऊन-सावली इतक्या बारकाईने ठाऊक हवी.

ती ठाऊक नसते म्हणून आपल्याकडची बरीच 'इतिहासात जाणारी' बालपुस्तकं फसतात. मुलं एखाद्या गडावर जातात, चमत्कार होतो, महाराजांचं दर्शन होतं, मावळे दोन वाक्यं बोलतात, मुलं परत येतात. सगळं आदराने लिहिलेलं, पण त्या मुलांचं तिथे कुणीच नसतं. आमच्या गावाचंच उदाहरण घेऊ. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष होते, आणि अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांनी आयुष्यात तेवढ्या एकदाच स्वीकारलं. पाण्यासाठी विहीर खणली होती, ती टिळकवाडीत आजही आहे. स्वागतगीत म्हणणाऱ्यांत धारवाडची अकरा वर्षांची एक मुलगी होती, पुढे जिला आपण गंगूबाई हनगल म्हणून ओळखलं. आजच्या मुलीला या मांडवात नेऊन गांधीजी दाखवले की शाळेचा पाठ तयार होतो. तिला गर्दीत आपली दहा वर्षांची खापरपणजी शोधायची असेल, ती सापडली नाही तर पुढची पिढीच धोक्यात येणार असेल, आणि ती सापडावी ती नेमकी त्या गाणाऱ्या मुलीच्या शेजारी, परकराचा ओचा घट्ट धरून, घाबरून रडायच्या बेतात, तर गांधीजींचा आवाजही वाचणाऱ्याला वेगळा ऐकू येईल. तेव्हाच्या मांडवात कोण कुणाशेजारी बसे, कुणाच्या हातचं पाणी कोण पीत नसे, हेही मग त्या दोन मुलींच्या मधोमध येऊन उभं राहतं. आजच्या मुलीने ते पाहावं. जुना काळ सजवून दाखवला तर मुलांना तिथून काही आणता येत नाही.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडं सांगते. पहिली दोन प्रकरणं पुराणकथांवर आहेत: ककुद्मी, आणि युगानुयुगं गुहेत झोपून राहिलेला मुचुकुंद. मधली प्रकरणं वर आलेल्या परदेशी आणि मराठी पुस्तकांवर. यंत्रं, कृष्णविवरं, सापेक्षता यांबद्दल जेवढं गोष्ट समजायला लागतं तेवढंच घेतलं आहे. ते नीट शिकवणारी पुस्तकं मराठीत आहेत आणि नारळीकरांची त्यांत पहिली. शिक्षकांना विनंती, प्रकरणाखालचे प्रश्न परीक्षेसाठी वापरू नयेत.

शेवटची काही पानं कोरी ठेवली आहेत. ती मुलांची आहेत. घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसापाशी बसून त्याच्या दहाव्या वर्षातला एक दिवस त्यात लिहायचा: सकाळी कोणी उठवलं, न्याहारीला काय होतं, शाळेत कुठल्या भाषेत हजेरी घेत, मार कुणी दिला, जवळ कुणी घेतलं. नावगाव त्या वेळी जे होतं तेच लिहायचं. आजीला आठवत नसेल तर तिच्या बहिणीला फोन लावायचा, ती निपाणीला असो की न्यू जर्सीला. दोघींच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहून ठेवायच्या आणि कुणाचीही खोडायची नाही.

कॅम्प, बेळगाव